वृद्धनिवासातली आग : २६ निवासी, रात्री दोन माणसं, जिना एकच. आधी काय करावं?

सदाफुली
वृद्धनिवासाच्या अग्निसुरक्षेबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. जागा पुण्यात, वारज्यात. मूळचा राहता बंगला, तळमजला अधिक दोन मजले. निवासी २६. त्यातले ९ अंथरुणाला खिळलेले, ५ वॉकरवाले, ४ जणांना विस्मरणाचा आजार, बाकीचे हिंडते-फिरते. रात्री माणसं दोन : वर मावशी, खाली मामा. जिना एकच, बरोबर मधोमध. त्याच्याखाली मीटर, इन्व्हर्टर आणि जुन्या गाद्या. खिडक्यांना पक्क्या जाळ्या. एक आजोबा पहाटे बाहेर पडतात म्हणून मुख्य दाराला रात्री कुलूप. भिंतीवर आग विझवायचे ४ सिलिंडर आहेत आणि प्रत्येक मजल्यावर "आग लागल्यास जिन्याचा वापर करावा" अशी पाटी. विश्वस्तांच्या मते एवढं पुरे. पैसे मर्यादित आहेत, तेव्हा क्रम सांगा. कायद्याने काय लागतं तेही सांगा.

शिडीवाला
पुण्यात पाटी लावली की काम झालं असं धरून चालतात, त्यातलाच हा प्रकार.

त्या पाटीचाच हिशोब करू. खिळलेल्या एका माणसाला दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली आणायला दोघं लागतात आणि सराव असला तरी तीन-चार मिनिटं जातात. परत वर यायला एक मिनिट. असे ९ जण म्हणजे पाऊण तास धरा, तोही दोघांचा दम टिकला तर. उलट फोमची गादी पेटली तर अख्खी खोली पेटायला चार-पाच मिनिटं पुरतात आणि धूर त्याच्या आधीच जिन्यात शिरलेला असतो. जिना एकच, म्हणजे तोच धुराडं.

म्हणून "सगळ्यांना खाली आणू" हा बेत कागदावरूनही काढून टाका. बेत असा हवा : पेटलेल्या खोलीतला माणूस बाहेर, त्या खोलीचं दार बंद, मग शेजारच्या खोल्यांतली माणसं त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला, मधलं दार लावून. खाली उतरवायचं ते अग्निशमन दलाची माणसं आल्यावर. रुग्णालयात आधी आडवं हलवतात, उभं नंतर. इथेही तेच. त्यासाठी लागतं काय? आग लवकर कळणं, बंद होणारी दारं आणि रात्रपाळीच्या दोघांना तोंडपाठ असलेला क्रम. सिलिंडरचा नंबर चौथा.

दाराचं महत्त्व पटवायचं असेल तर विश्वस्तांना स्कॉटलंडमधल्या रोझपार्क केअर होमचं उदाहरण सांगा. ३१ जानेवारी २००४, पहाट. वीजवाटपाचा बोर्ड असलेल्या कपाटात आग लागली, त्याच कपाटात एरोसोलचे डबे ठेवलेले होते. १४ वृद्ध गेले, बहुतेक धुराने. त्यांच्या खोल्यांची दारं उघडी होती. अलार्म वाजला होता, पण अलार्मच्या पॅनेलवर दिसणारा झोन (इमारतीचा भाग) इमारतीत नेमका कुठे हे रात्रीच्या माणसांना उमगलं नाही आणि दलाला फोन जायला ९ मिनिटं गेली. विजेचा बोर्ड, त्याच्याशेजारी सामान, उघडी दारं, उशिरा फोन. तुमच्या वर्णनात यातल्या निदान दोन गोष्टी आजच आहेत.

जुन्या गाद्या आज संध्याकाळी बाहेर काढा. याला एक रुपया लागत नाही.

तारजोड
+१, गाद्या आधी. आता जिन्याखालचं उरलेलं.

मीटरच्या जागी आग बहुतेक वेळा लागते ती सैल जोडामुळे. ॲल्युमिनियमची केबल पितळी किंवा तांब्याच्या टर्मिनलवर थेट आवळलेली असते. भार वाढला की तापते, फुगते, कमी झाला की आकसते आणि दर वेळी स्क्रू केसभर सैल होतो. जोडाचा विरोध वाढतो, तिथेच उष्णता साठते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या : सैल जोडाने एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. आरसीसीबीही (गळती झाली की पडणारा) पडत नाही, कारण गळती नसते. दोन्ही बसवलेत म्हणून निर्धास्त राहू नका.

पाहायचं काय : टर्मिनलपाशी वायरचं आवरण तपकिरी किंवा ठिसूळ झालंय का, एमसीबीच्या बुडाशी प्लास्टिक पिवळं पडलंय का, जळक्या माशासारखा वास येतो का, संध्याकाळी सगळे गीझर चालू असताना दिवे मंद-तेज होतात का (हा बहुधा सैल न्यूट्रल). परवानाधारक ठेकेदाराकडून भर भाराच्या वेळी थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या, एका भेटीत होतं. ॲल्युमिनियम-तांबं जोडाला बायमेटल लग (दोन्ही धातूंचं टोक), योग्य क्रिम्पिंग (दाबून बसवणं), ठरलेल्या टॉर्कने आवळणं. वर्षातून एकदा पुन्हा.

इन्व्हर्टर जिन्याखालून हलवाच. ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, शिवाय टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढून तेही तापतात. हवेशीर जागी, शक्यतो बाहेरच्या भिंतीला, पत्र्याच्या छपराखाली. मीटर हलवणं महावितरणच्या हातात आहे, वेळ लागेल. तोवर मीटरच्या जागेला सिमेंट-फायबर बोर्डाचं बंदिस्त कपाट करा, केबल जिथून वर जातात ती भोकं अग्निरोधक सीलंटने बुजवा. नुसती पीओपी भरू नका, केबल हलली की तडकून पडते.

आणि खोल्यांतले मल्टिप्लग. ६ अँपिअरचं सॉकेट म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर ओढतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत हे हमखास घडतं : एअरबेडचा पंप, मोबाइल आणि हीटर एकाच पट्टीवर, पट्टी गादीखाली. हीटर लागत असेल तर तेलभरल्या रेडिएटरचा, थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर. उघड्या कॉइलचा आवारातच नको. पाणी तापवायची लोखंडी रॉडही नको.

चिमटा
सगळे दारांवर का अडलेत? स्प्रिंकलर (छतातून आपोआप पाणी फवारणारे) बसवा, प्रश्न मिटला. माणूस हलवायलाच नको.

नकाशा
चिमटा, म्हणणं चूक नाही, पण विश्वस्तांकडून उद्या होणारं नाही. हलक्या धोक्याच्या वर्गाला साधारण ८४ चौरस मीटरवर, दर चौरस मीटरला मिनिटाला २.२५ लिटर, अर्धा तास असं पाणी धरतात. म्हणजे ५७०० लिटरच्या आसपास, वेगळं राखून ठेवलेलं, सोबत पंप आणि त्याला बिनचूक वीज. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की तोच साठा आंघोळीला वापरला जातो, हे ठिकठिकाणी घडतं. टाकीत घरगुती पाण्याचा आउटलेट वरच्या पातळीला काढला की खालचा साठा आपोआप राखीव राहतो.

पैसे जमले की स्प्रिंकलर जरूर करा, आधी खोल्या, मग कॉरिडॉर. खोलीत लाल काचेचा, ६८ अंशांना फुटणारा. स्वयंपाकघरात हिरव्या काचेचा, ९३ अंशांचा. रंगाऱ्यांना बजावून ठेवा, कारण काचेवर डिस्टेंपर बसला की तो वेळेवर फुटत नाही. स्प्रिंकलरच्या हेडला (तोंडाला) टॉवेल अडकवणारे निवासीही असतात. पण स्प्रिंकलर असूनही दार लागतंच. हेड फुटेपर्यंतचा धूर दारच अडवतं.

आता दारं. सगळी बदलायची गरज नाही. तीन थर करा.

जिन्याच्या तोंडाशी प्रत्येक मजल्यावर प्रमाणित अग्निरोधक दार. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये १२० मिनिटांचं धरलेलं आहे. चौकट, दार, बिजागऱ्या आणि क्लोजर (दार आपोआप लावणारा) एकाच चाचणीतले हवेत. दार एका कंपनीचं आणि बिजागरी शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातली असं केलं की प्रमाणपत्राचा कागद उरतो, दाराचा भरवसा राहत नाही. मजल्याच्या मधोमध धूर अडवणारं दुसरं दार, म्हणजे मजल्याचे दोन भाग होतील. शिडीवाल्यांनी सांगितलेलं आडवं हलवणं याच्याशिवाय शक्यच नाही. या दाराची भिंत वर स्लॅबला भिडलेली हवी. फॉल्स सीलिंगपाशी थांबली तर धूर वरून पलीकडे जातो.

खोल्यांची सध्याची भरीव फ्लश दारं चालतील. साधं बंद दारसुद्धा दहा-पंधरा मिनिटं मिळवून देतं. त्यांना वर क्लोजर, कडेला धूररोधक पट्टी, खालची फट ३ ते ४ मिलिमीटर. पोकळ दारं असतील तर मात्र बदला.

सदाफुली
क्लोजर लावले तर दार जड होतं, वॉकरवाल्यांना उघडत नाही. शिवाय मावशी रात्री आवाज ऐकू यावा म्हणून दारं उघडी ठेवतात, खाली विटेचा तुकडा लावून. त्यांचंही बरोबर आहे.

नकाशा
बरोबरच आहे, म्हणून वीट काढायला सांगून उपयोग नाही, विटेला पर्याय द्यायला हवा. दोन आहेत. एक, दार उघडं धरून ठेवणारा विद्युतचुंबक, अलार्म पॅनेलला जोडलेला. अलार्म वाजला की चुंबक सुटतो, क्लोजर दार लावतो. दोन, फ्री-स्विंग क्लोजर : एरवी दार हलकं, हवं तिथे थांबतं, अलार्मला मात्र बंद होतं. वॉकरवाल्यांच्या खोल्यांना दुसरा. महाग आहे, म्हणून फक्त गरज असेल तिथेच.

रात्रपाळी
माणूस हलवण्याबद्दल. बंगल्याचं दार ३ फुटी असतं आणि फाउलर कॉटही (दवाखान्यातली, डोक्याची बाजू वर होणारी) जवळजवळ तेवढीच रुंद. रेलिंगसकट ती बाहेर येत नाही, दारातच अडकते आणि मग दार लागतही नाही. म्हणून माणूस गादीसकट किंवा चादरीवर ओढायचा.

खिळलेल्या प्रत्येकाच्या गादीखाली बाहेर काढायची पट्ट्यांची चादर कायमची बांधून ठेवा. नसेल तर जाड सोलापुरी चादर दुहेरी. क्रम : ऑक्सिजन बंद, कॅथेटरची पिशवी पोटावर, कॉट शक्य तेवढी खाली, ब्रेक लावलेला, जमिनीवर उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट. आधी पाय, मग धड असं घसरवत खाली. सपाट जमिनीवर डोक्याच्या बाजूने ओढा, चादर खांद्यांखाली मुठीत धरून, म्हणजे डोकं जमिनीला घासत नाही. ओढणाऱ्याने वाकून. धूर वर असतो आणि हवा खाली. जिन्यावर उलट, पाय पुढे, एक माणूस वरून पट्टा धरून वेग आवरणारा. एअरबेडवर असतील तर त्याचा झडपेचा नॉब लक्षात ठेवा, हवा सोडल्याशिवाय माणूस नीट गुंडाळता येत नाही.

खुबा मोडलेल्याला जिन्याच्या खुर्चीत बसवू नका. ती ज्याला बसता येतं त्याच्यासाठी.

ऑक्सिजनचं वेगळं सांगते. हवेत २१ टक्के असतो. खोलीत तो थोडा जरी वाढला, २४ टक्क्यांच्या वर गेला, की कपडा भडकून पेटतो. कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवून नळी गादीवर टाकून बाथरूमला जाणं ही नेहमीची चूक. तेवढ्यात चादर, गाऊन, केस ऑक्सिजनने भिजतात. बंद केल्यावरही वीस मिनिटं तरी त्या माणसाजवळ ज्योत नको. निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, विडी, सगळं आलं यात. अंतर निदान ३ मीटर. ओठांना व्हॅसलीन लावू नका, पाण्यावर आधारित क्रीम लावा. ऑक्सिजन सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लागता कामा नये.

आणखी एक, जे आपल्याकडे कोणी बोलत नाही. सुकलेल्या त्वचेला रोज पॅराफिनचं मलम किंवा तेल चोळतो, ते चादरीत आणि सुती गाऊनमध्ये मुरत जातं. कापड दिसायला स्वच्छ, पण वातीचं काम करतं. गरम पाण्यात धुतल्याने कमी होतं, पूर्ण जात नाही. अशा निवासींना विडी ओढायची असेल तर कपडे बदलून, बाहेर, सोबत माणूस. चादरी वेगळ्या धुवा आणि इतरांपेक्षा लवकर बाद करा.

पेठेतला
कुलपाचा मुद्दा राहिला.

तारजोड
कुलूप हा सगळ्यात वाईट भाग आहे. किल्ली मामांच्या खिशात, मामा बाथरूममध्ये, बाहेर पडायचा रस्ता बंद.

विस्मरणवाल्यांसाठी दार बंद ठेवायचं असेल तर चुंबकीय कुलूप घ्या, वीज गेली की उघडणारं. पण इथे एक खोड सर्रास दिसते. कुलूप इन्व्हर्टरवर टाकलेलं असतं, म्हणजे दिवे गेले तरी कुलूप लागलेलंच. म्हणून त्याचा पुरवठा अलार्म पॅनेलच्या रिलेमधून न्या, अलार्म झाला की वीज तुटलीच पाहिजे. शिवाय दाराशेजारी हिरवी काचफोड पेटी, जी थेट पुरवठा तोडते, सॉफ्टवेअरमधून नाही. आजोबांसाठी दार उघडलं की मावशींकडे बेल वाजेल अशी साधी चुंबकी पट्टी लावा, कुलपापेक्षा तिचाच उपयोग जास्त. तोवर आतून किल्लीशिवाय फिरवून उघडणारी कडी, थोडी उंचावर.

खिडक्यांच्या जाळीत प्रत्येक खोलीत एक पल्ला आतून उघडणारा करून घ्या, निदान २ बाय ३ फूट. चोराची भीती असेल तर खालच्या मजल्याला आतून खिटी, कुलूप नको. दलाची शिडी वर आली तरी जाळी कापण्यात वेळ गेला तर सगळं वाया.

सदाफुली
अलार्म कुठला घ्यावा? मागे बसवलेला दर दोन दिवसांनी उदबत्तीने वाजायचा, शेवटी कोणीतरी डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली.

शिडीवाला
पिशवी बांधलेला डिटेक्टर पुण्यात किती ठिकाणी दिसतो हे विचारू नका.

खोल्यांत आणि कॉरिडॉरमध्ये ऑप्टिकल (प्रकाशाने धूर ओळखणारे) धूर-डिटेक्टर, स्वयंपाकघरात धुराचा नाही, उष्णतेचा. देवघर एकच, सामाईक, वेगळ्या खोलीत, तिथे उष्णतेचा किंवा मल्टिसेन्सर (धूर आणि उष्णता दोन्ही पाहणारा). खोल्याखोल्यांत समया नकोत. बॅटरीच्या पणत्या चालतात, दिवाळीतही. धूप-आरती संपेपर्यंत कोणीतरी तिथे थांबलं पाहिजे. पंख्यापासून आणि एसीच्या झोतापासून डिटेक्टर दूर हवा, नाहीतर धूर त्याच्यापर्यंत जातच नाही. दर सहा महिन्यांनी व्हॅक्यूमने धूळ काढा आणि चाचणीच्या स्प्रेने तपासा, उदबत्ती धरून नको, तिची चिकट राख आत बसते.

पैसे नसतील तर आजच्या आज बॅटरीवरचे, एकमेकांना बिनतारी जोडलेले धूर-अलार्म बसवा. एक वाजला की सगळे वाजतात. १० वर्षांची सीलबंद बॅटरी मिळते. पण ते पॅनेलशी जोडलेले नसल्याने दाराचे चुंबक सोडणार नाहीत, म्हणून ही तात्पुरती सोय.

आवाज : उशीपाशी ७५ डेसिबल तरी हवा, तोही दार बंद असताना. साध्या अलार्मचा सूर ३००० हर्ट्झच्या आसपास, आणि वयाने नेमका तोच वरचा पट्टा ऐकू येईनासा होतो. ५२० हर्ट्झचा जाडा सूर जास्त लोकांना उठवतो. श्रवणयंत्र रात्री काढून ठेवलेलं असतं हे धरून उशीखालचा थरथरणारा पॅड किंवा झगझगणारा दिवा. मात्र खिळलेल्यांना उठवून उपयोग काय? त्यांच्यासाठी अलार्म मावशींना कळणं महत्त्वाचं.

पॅनेल मामांच्या पलंगाशेजारी, ऑफिसात नाही. पॅनेलच्या बाजूला मजल्याचा नकाशा, झोनवर "झोन ३" असं न लिहिता "पहिला मजला, मागच्या खोल्या" असं.

चिमटा
सिलिंडरचं कोणी बोललंच नाही. चारही बाद करायचे का?

शिडीवाला
बाद नाही, पण बदला. ४ किलोचे एबीसी पावडरचे घ्या. ९ किलोचा भरलेला सिलिंडर मावशींना खुंटीवरून काढताच येत नाही. कुठूनही १५ मीटरच्या आत एक मिळाला पाहिजे. हा सिलिंडर दहा-पंधरा सेकंदच चालतो हे त्यांना माहीत हवं, म्हणून आधी दाराकडे पाठ करून उभं राहायचं, पिन ओढायची, आगीच्या बुडावर मारायचं. विझली नाही तर दार लावून मागे फिरायचं, दुसरा शोधत बसायचं नाही.

पावडरची मोठी खोड : गेजचा काटा हिरव्यात असतो, पण आत पावडर खाली दगड झालेली. गेज दाब दाखवतो, पावडरीची तब्येत नाही. महिन्यातून एकदा उलटा करून रबरी हातोड्याने बुडाशी हलकं ठोका. दाबाची हायड्रो चाचणी पावडरला ३ वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडला ५ वर्षांनी. दरवर्षी फक्त स्टिकर बदलून जाणारे "सर्व्हिसवाले" भरपूर आहेत. चाचणीची तारीख सिलिंडरच्या अंगावर ठोकलेली आहे का ते पाहा.

बोर्डाजवळ कार्बन डायऑक्साइडचा २ किलोचा. स्वयंपाकघरात फायर ब्लँकेट, आणि मोठ्या कढईत रोज तळण असेल तर के वर्गाचा (तळणाच्या तेलाच्या आगीसाठीचा) सिलिंडर. पेटलेल्या तेलावर पाणी नाही, पावडरही नाही. पावडर ज्वाला मारते पण तेल थंड होत नाही, पुन्हा पेटतं. गॅस बंद, झाकण, आणि कढई उचलून मोरीकडे न्यायची नाही.

नकाशा
गॅसबद्दल दोन ओळी. सिलिंडर असतील तर बाहेर, जमिनीच्या पातळीला, जवळपास गटार किंवा तळघराची जाळी नको. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून गळतीचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर. एमएनजीएलची (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसची) पाइपलाइन असेल तर तो गॅस हलका, डिटेक्टर छताजवळ. हे दोन उलटे लावलेले पाहून हसावं की रडावं कळत नाही.

कायदेकानू
सदाफुली, कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची (जागा वापरणाऱ्याची). बंगला भाड्याचा असला तरी ट्रस्ट भोगवटादार आहे, त्यामुळे "मालक बघेल" चालत नाही. यंत्रणा बसवल्याचा दाखला नमुना अ, आणि ती चालू स्थितीत आहे हा नमुना ब दरवर्षी जानेवारी आणि जुलैत. दोन्ही महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेकडून. त्या संस्थेचा माणूस पंप चालवून न बघता सही करून गेला तर कागद तुमच्याच गळ्यात. म्हणून प्रत्येक डिटेक्टर आणि प्रत्येक दार तपासल्याची यादी सोबत मागा.

दुसरं, वापर. वृद्धाश्रम हा बांधकाम संहितेत निवासी नाही, संस्थात्मक गटात (क-२) येतो. बंगला निवासी म्हणून मंजूर असेल तर वापर बदलाची परवानगी आणि अग्निशमनचा ना-हरकत दाखला बघा. बरेच ट्रस्ट इथेच अडकतात.

तिसरं, हद्द. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. धायरी, मांजरी, सूस, म्हाळुंगे अशा भागांतल्या जुन्या संस्थांच्या फायली अजून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा ग्रामपंचायतीच्या नावाने फिरतात. दाखला कोणाचा ते आधी ठरवा. वारजे महापालिकेतच, तुमचा प्रश्न सोपा.

पेठेतला
भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात १० बाळं गेली, तेव्हा सगळीकडे फायर ऑडिट सुरू झालं होतं. वृद्धाश्रमांपर्यंत ते कितपत पोचलं?

कायदेकानू
ऑडिटची वाट कशाला बघायची? दलाच्या केंद्रात अर्ज देऊन जागा बघायला बोलावता येतं. आधीच येऊन गेले असतील तर गल्लीची रुंदी, वरच्या केबल्स, दुतर्फा उभ्या गाड्या हे सगळं त्यांना ठाऊक असतं. गल्लीला रात्री लागणारं सोसायटीचं फाटक असेल तर त्याची किल्ली कोणाकडे, तेही त्यांना सांगा.

सदाफुली
सराव कसा घ्यायचा? निवासी घाबरतात, एकदा घेतला तर दोघांचं बीपी वाढलं.

रात्रपाळी
निवासींना हलवायची गरजच नाही. एक कर्मचारी चादरीवर झोपतो, दुसरे त्याला ओढतात. सराव रात्री, दिवसा नाही. दिवसा आठ माणसं असतात, तो सराव खोटा. रात्रीच्या दोघांनाच, मॅनेजर नसताना. वेळ लावा : अलार्म ते खोली सापडणं, खोली ते दार बंद, दार ते १०१ ला फोन. फोन मामांनी लगेच करायचा, आग किती मोठी ते बघायला वर जाऊन मग नव्हे. खोटा निघाला तर दल रागावत नाही. फोनशेजारी पूर्ण पत्ता, खूण आणि "वृद्धाश्रम, २६ जण, ९ चालू शकत नाहीत" हे वाक्य लिहून चिकटवा. घाईत माणूस स्वतःचा पत्ता विसरतो.

बदली मावशी आल्या की पहिल्याच रात्री त्यांच्याकडून एकदा करून घ्या. कागदावर सही घेऊन नको, प्रत्यक्ष.

शिडीवाला
यात एक भर. प्रत्येक खोलीच्या दाराच्या चौकटीवर, कमरेच्या उंचीला, बाहेरून रंगीत पट्टी : हिरवी म्हणजे सांगितलं की चालतो, पिवळी म्हणजे एक माणूस लागतो, लाल म्हणजे ओढायचा. धुरात वरची पाटी दिसत नाही, म्हणून कमरेला. माणसाची स्थिती बदलली की त्याच दिवशी पट्टी बदला, दवाखान्यातून परत आलेला माणूस बहुतेक वेळा हिरव्याचा लाल झालेला असतो. खोली तपासून रिकामी केली की दार लावून कडीला टॉवेल बांधायचा, म्हणजे दलाची माणसं तिथे वेळ घालवत नाहीत.

चिमटा
आणि खोल्या वाटताना? लाल पट्टीवाले वर का?

शिडीवाला
हा प्रश्न पहिला विचारायला हवा होता! सगळे ९ तळमजल्यावर, मागच्या अंगणात उघडणाऱ्या दाराजवळ. हिंडते-फिरते वर.

सदाफुली
तळमजल्यावर ऑफिस आणि पाहुण्यांची खोली धरून सात माणसांची जागा होते.

नकाशा
ऑफिस वर न्या. पाहुण्यांच्या खोलीत दोन कॉट बसतात का ते मोजा, मधे निदान ३ फूट मोकळे सुटले पाहिजेत. मोजमाप टाका इथे, मधल्या दाराची जागा त्यावरून ठरवू.